पोडियमवरचा रोबो मॉवर आणि न पडलेला पाऊस : प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

ठिकाण वर्सोवा, समुद्रापासून सरळ रेषेत अंदाजे ३०० मीटर. सोसायटीच्या पोडियमवरचं (इमारतीच्या उंचावलेल्या स्लॅबवरचं) ४२० चौरस मीटर लॉन, गवत मेक्सिकन. माती जेमतेम फूटभर, खाली ड्रेन सेल (पाणी निचरून जाण्यासाठीचा पोकळ थर) आणि त्याखाली स्लॅब. यंत्र म्हणजे आपोआप गवत कापणारा रोबो मॉवर, हद्दीच्या तारेच्या आत चालणारा, २० व्होल्ट वर्गाची लिथियम बॅटरी (पाच सेल सिरीजमध्ये), तबकडीवर तीन सुटी पाती. पाऊस-सेन्सर म्हणजे वरच्या कव्हरवरची स्टीलची दोन बटणं, प्रत्येकी ८ मिमी व्यासाची, मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिमी. म्हणजे कडेपासून कडेपर्यंत ८ मिमी प्लास्टिक. तेवढ्या जागेवर पाणी आलं की दोन बटणं जोडली जातात आणि यंत्र डॉककडे (चार्जिंगच्या जागेकडे) परत फिरतं.

तक्रार : यंदा मान्सून मुंबईत २६ मेलाच आला (सर्वसाधारण तारीख ११ जून), झोडपलं आणि मग उघडीप दिली. गवत तरारलंय. यंत्र मात्र चार दिवस डॉकमध्ये बसून. अॅपवर ढगाचं चिन्ह, वर ऊन.

पाऊस-सेन्सर दोनच प्रकारे बिघडतो. कोरड्यात ‘ओलं’ म्हणतो, नाहीतर ओल्यात ‘कोरडं’. दोन्हींची कारणं वेगळी असतात, त्यामुळे आधी प्रकार ठरवायचा, मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. इथे पहिला प्रकार.

वरवरच्या गोष्टी आधी निकालात काढल्या. स्प्रिंकलर पहाटे चालतो, त्याचा फवारा डॉकपर्यंत येत नाही. वर एसीच्या बाहेरच्या युनिटचं पाणी ठिबकत नाही. बटणांवर गवताची काडी किंवा कबुतराची शिट नाही. (शिट ओली असताना चांगलीच वाहक असते. मुंबईत ही तपासणी पहिल्या तीनांत हवी.)

४ जून, बुधवार

मेन स्विच बंद, पिन काढून घेतली, जाड हातमोजे घातले, यंत्र जुन्या सतरंजीवर पालथं. कव्हर उघडताना लक्षात ठेवायचं की ते स्प्रिंगवर तरंगतं, धडक आणि उचलणं ओळखण्यासाठी. सेन्सरच्या वायरला म्हणून मुद्दाम ढील दिलेली असते. जोडताना ती ढील वायर-टायने आवळून टाकली, की यंत्र हवेलाच धडकल्यासारखं थांबायला लागतं.

दोन पिनचा कनेक्टर मेन बोर्डवरून काढला आणि यंत्र चालू केलं. ढग गेला. म्हणजे बोर्ड ठीक आहे, दोष कनेक्टरच्या अलीकडे : वायर, बटणं किंवा दोन बटणांमधलं प्लास्टिक. ढग राहिला असता, तर बोर्डावरचा ओलावा किंवा गेलेला इनपुट शोधावा लागला असता. दोन मिनिटांची ही चाचणी न करता लोक बोर्ड बदलून मोकळे होतात.

सुटलेल्या कनेक्टरच्या बोर्डाकडच्या पिनांवर ३.० व्होल्ट. बोर्डावर ३.३ व्होल्टला बांधलेला १ मेगओहमचा पुल-अप (पिनेला सप्लायशी जोडणारा रेझिस्टर) दिसतोय आणि मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम. ३.३ ला १० ने गुणून ११ ने भागलं की बरोबर ३.०. आकडा कमी दिसला म्हणून सप्लाय खराब समजू नये.

नजरेने पाहता : एक बटण तपकिरी, बारीक खड्डे पडलेलं, दुसरं चकचकीत, पण कडेला पांढुरकी पुटं. दोन्ही एकाच स्टीलची असून एकच गंजतं, याचा अर्थ त्यांच्यातून सतत एकाच दिशेने डीसी करंट जातोय. गंजलेलं ते पॉझिटिव्ह. करंट अगदी क्षुल्लक, पुल-अपमुळे फार तर ३.३ मायक्रोअँपिअर. चार महिने अखंड वाहिला तरी हिशेबाने १० मिलिग्रॅम लोखंड जाईल. बटण त्याने झिजून जात नाही, पण मिठातलं क्लोराइड सोबतीला असलं की तेवढ्यात खड्डे पडतात आणि खड्ड्यांत खार साठतो. तपकिरी डाग हा मुख्य रोग नाही, पण करंट वाहतोय याची ती पावती आहे.

५ जून, गुरुवार

बोर्ड नक्की कितीला ‘पाऊस’ म्हणतो ते शोधलं. बटणांच्या जागी कनेक्टरवर एकेक रेझिस्टर लावून अॅप पाहायचं, दर वेळी ३० सेकंद थांबून.

१ मेगओहम : कोरडं.
६८० किलोओहम : कोरडं.
५६० किलोओहम : कोरडं.
४७० किलोओहम : पाऊस.
२२० आणि १०० किलोओहम : पाऊस, अर्थातच.

उंबरठा ५०० किलोओहमच्या आसपास. गणितही जमतं : ५०० किलोओहमला पिनवर १.१ व्होल्ट येतो, म्हणजे ३.३ चा तिसरा हिस्सा. पाव वॉटचे रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर मूठभर मिळतात. ही पाच-सहा किमतींची पुडी प्रत्येक मॉवरवाल्याच्या डब्यात असावी. सेन्सरची कुठलीही दुरुस्ती उंबरठा माहीत नसताना करणं म्हणजे अंधारात तीर.

७ जून, शनिवार

दोन दिवस बटणांमधला रेझिस्टन्स आणि जागेवरची आर्द्रता सोबत नोंदवली. कनेक्टर सोडवलेला, मीटर २० मेगओहमच्या रेंजवर. अशा ओलसर पृष्ठभागावर मीटरचा डीसी करंट आकडा हळूहळू वर ढकलत नेतो. म्हणून पहिल्या दोन सेकंदांतला आकडा घ्यायचा, मग प्रोब उलटे करून पुन्हा, आणि सरासरी.

गुरुवारी रात्री ११, आर्द्रता ८६ टक्के : ९५ किलोओहम.
शुक्रवारी सकाळी ७, ८४ टक्के : ११० किलोओहम.
शुक्रवारी दुपारी २, ७० टक्के : २.४ मेगओहम.
शुक्रवारी संध्याकाळी ७, ७९ टक्के : १६० किलोओहम.
शनिवारी दुपारी ३, ७१ टक्के : २.१ मेगओहम.

पाण्याचा एक थेंब पडलेला नसताना रात्री ९५ किलोओहम! गुन्हेगार सापडला. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. डब्यातलं मीठ पावसाळ्यात पाझरतं, तेच इथे ८ मिमी प्लास्टिकवर चाललंय. समुद्राच्या खाऱ्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलं. म्हणून दुपारीही मीटर पूर्ण उघडा (जोड अजिबात नाही असं) दाखवत नाही, दोन मेगओहमवर अडतो.

दुपारी दोन-अडीच तास बटणं ‘कोरडी’ होतात, तरी यंत्र का निघत नाही? पाऊस-विलंब. कारखान्याची सेटिंग १८० मिनिटं आणि मोजणी सेन्सर कोरडा झाल्यावर सुरू होते. १८० पुरी व्हायच्या आत संध्याकाळचा दमटपणा येतो, मोजणी पुन्हा शून्यावर. माळीकाकांचं निदान : ‘मशीन आळशी आहे.’ आकडेवारी पाहता चुकीचं म्हणता येत नाही.

८ जून, रविवार

सफाई. क्रम महत्त्वाचा :

आधी आरओच्या पाण्याने भिजवलेलं सुती फडकं, तीनदा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळपास नाही. थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल मारणारे मीठ फक्त पसरवतात. मग हिरव्या घासणीचा बारीक तुकडा, फक्त स्टीलवर. लोखंडी काथ्या बिलकुल नको, त्याचे कण रुतून बसतात आणि दोन दिवसांत नवा गंज. पुन्हा आरओचं पाणी. शेवटी आयसोप्रोपिल, तेलकटपणा जाण्यासाठी. गंज सोडवायचा स्प्रे, गाडीचं पॉलिश, व्हॅसलीन यांतलं काहीही बटणांवर लावायचं नाही. पातळ थर बसतो, पाणी मण्यांसारखं घरंगळतं आणि सेन्सर उलटा बिघडतो : पावसात ‘कोरडं’.

सफाईनंतर, ८१ टक्क्यांना : मीटर उघडा. यंत्र दुपारी निघालं, पहिल्या फेरीत सव्वा तास चाललं.

१२ जून, गुरुवार

चार दिवस टिकलं. आज सकाळी ७ ला ८५ टक्क्यांवर ४३० किलोओहम आणि ढग परत. पश्चिमेचा वारा सतत आहे. दर चार दिवसांनी कुणी सेन्सर पुसत बसणार नाही, आणि पुसलंच पाहिजे असं यंत्र घेण्यात अर्थ नाही.

सोपा उपाय करून पाहिला : सेन्सरच्या वायरीत ३३० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, वर गोंदवाली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). बोर्डाला हात लावायची गरज नाही. बोर्डाला एकूण ५०० च्या खाली दिसायला हवं, म्हणजे बटणांमध्ये आता १७० च्या खाली यावं लागेल. नळाच्या पाण्याचा थर दिला : ६५ किलोओहम, यंत्र लगेच परतलं. चाचणी पास.

ही चाचणी चुकीची होती. कारण १६ तारखेच्या नोंदीत.

१६ जून, सोमवार

दिवसभर जोरदार पाऊस. सकाळी पहिल्या सरीला यंत्र व्यवस्थित डॉकमध्ये गेलं. पण दुपारी, धो धो पावसात, बाहेर पडून कापत होतं! वळताना चाकं घसरून मेक्सिकनची मुळं उपटली, दोन जागी हातभर पट्टे. तळाच्या झाकणाखाली ओल्या गवताचा लगदा, पात्यांची तबकडी जेमतेम फिरत होती.

सेन्सर विरुद्ध बाजूला बिघडवला तो आपणच.

१७ जून, मंगळवार

पोडियमवर स्टीलच्या पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी मोजलं. वाहकता २० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. नळाचं पाणी त्याच मीटरवर १२०. मुंबईचं तलावाचं पाणी तसं हलकंच, तरी पावसाच्या सहापट. बटणांमध्ये जाडसर थर देऊन :

नळाचं पाणी : ६५ किलोओहम.
पावसाचं पाणी : ३८० ते ४२० किलोओहम.
पाण्याचा टिपूस नसलेला खारट पापुद्रा, ८६ टक्के दमटपणात (७ जूनच्या नोंदीतून) : ९५ किलोओहम.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की सगळं उघडं पडतं. कोरडा खार हा खऱ्या पावसापेक्षा चौपट ‘ओला’ दिसतो. सकाळची पहिली सर बटणांवरचा खार विरघळवते, पाणी वाहक होतं, यंत्र परत येतं. सर तोच खार धुऊन नेते. दुपारच्या पावसाला विरघळवायला काही उरलेलं नसतं, थर ४०० किलोओहमचा, त्यात आपले ३३० मिळवले की ७३०, आणि बोर्ड म्हणतो ऊन पडलंय. उंबरठा वर घेतला तर खार फसवतो, खाली घेतला तर पाऊस निसटतो. दोन्हींच्या मध्ये एखादी रेष आहेच नाही. रेझिस्टर बदलून, पुल-अप बदलून, अॅपमधली संवेदनशीलता हलवून हा प्रश्न सुटणार नाही. बदलायची आहे ती बटणांची रचना.

सेन्सरची चाचणी नळाच्या पाण्याने करू नये, हेही इथेच. पावसाचंच पाणी बाटलीभर धरून ठेवावं.

३३० काढून टाकला.

२१ जून, शनिवार

नव्या रचनेमागचा विचार रेल्वेच्या ओव्हरहेड वायरीच्या इन्सुलेटरवरून. त्यांना छत्रीसारखे घेर असतात, जेणेकरून खार आणि धूळ बसली तरी करंटला पृष्ठभागावरून लांबचा वळसा घ्यावा लागावा. आपल्या सेन्सरवर तो रस्ता होता ८ मिमी, सपाट. आता दोन इलेक्ट्रोड हवेत एकमेकांजवळ आणायचे, पण त्यांचे पाय दूर ठेवायचे. खाराला बसायला पृष्ठभाग लागतो, हवेतल्या फटीत तो बसू शकत नाही. थेंब मात्र फट ओलांडतो.

साहित्य :

३१६ एलची टिग वेल्डिंगची फिलर रॉड, २ मिमी, एक मीटरची एक कांडी. नागदेवी स्ट्रीटवर सुटी मिळते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ पेक्षा (नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा) खाऱ्या हवेत खड्डे कमी. ‘स्टेनलेस आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, रॉडवरचा शिक्का वाचावा.
टेफ्लॉनची गोल कांडी, १२ मिमी, १०० मिमी तुकडा. नायलॉन स्वस्त, पण ते पाणी पितं, पावसाळ्यात पृष्ठभागच ओलसर राहतो.
दोन ओ-रिंग, दोन वॉशर.
पितळी स्क्रूची कनेक्टर पट्टी, दोन खणांची.
सिलिकॉन ग्रीस, न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. आंबट वासाचं सिलिकॉन घेऊ नये, त्यातलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तांब्याला खातं.

टेफ्लॉनचे दोन खांब, कव्हरच्या वर २० मिमी उंच, प्रत्येकावर २ मिमी खोल दोन खाचा. मध्ये १.९ मिमीचं भोक, म्हणजे २ मिमीची सळई दाबून घट्ट बसते. खांबांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ३० मिमी अंतर. पृष्ठभागावरून मोजलं तर खाचा सोडूनही ५८ मिमीचा वळसा. सळया खांबांतून वर येऊन एकमेकींकडे वाकतात आणि मग समांतर, ४० अंश उतारावर.

टेफ्लॉनला कुठलंच सिलिकॉन चिकटत नाही. वरून सिलिकॉन लावून ‘सील’ केलेलं पहिल्या उन्हात सुटतं आणि फटीतून पाणी आत उतरतं. म्हणून खांबाला पायरी, पायरीखाली ओ-रिंग, खालून वॉशर आणि नट. नट बेताने. टेफ्लॉन दाबाखाली सरकत राहतं, जास्त आवळलं तर महिन्यात ढिलं होतं. न्यूट्रल सिलिकॉन फक्त जुन्या बटणांची भोकं बुजवायला.

स्टेनलेसला साधी शिसाळी सोल्डर धरत नाही, अॅसिड फ्लक्स लावावा लागतो आणि तो मागे राहून पुढे गंजवतो. त्यापेक्षा कव्हरच्या आत पितळी पट्टीत सळईचं टोक आणि वायर, दोन्ही स्क्रूखाली, वर ग्रीस.

२२ जून, रविवार

फट किती? टेबलावर चाचणी, पावसाच्याच पाण्याने, ड्रॉपरने एकेक थेंब, आर्द्रता ८४ टक्के.

१.५ मिमी : लगेच जोडतं, पण थेंब अडकून बसतो. १ तास ४० मिनिटांनीही ओलं.
२ मिमी : तसंच, तासाभराने सुटतं.
२.५ मिमी : जोडतं, थेंब उताराने खाली सरकतो, पण खालच्या टोकाला लटकून राहतो.
३ मिमी : मोठे थेंबच जोडतात. भुरभुर पावसात भरवसा नाही.

२.५ पक्की केली. लटकणाऱ्या थेंबाचा उपाय अनपेक्षितपणे सोपा निघाला : एक सळई दुसरीपेक्षा १० मिमी लांब ठेवायची. थेंब घरंगळत खालच्या टोकाशी येतो, आखूड सळईची साथ सुटते, पाणी एकट्या लांब सळईच्या टोकावर उतरतं आणि जोड तुटतो. भिंगातून पाहिलं तर आखूड टोकाशी पाण्याचा पूल आधी बारीक होतो, मधोमध कंबर पडते आणि टपकन तुटतो. शेवटच्या थेंबानंतर सेन्सर ‘कोरडा’ व्हायला आता ६ मिनिटं. आखूड टोक कानशीने गोल केलं, धारदार कड पाणी धरून ठेवते.

थेंब फटीत असताना रेझिस्टन्स ९० ते १३० किलोओहम. तेच पावसाचं पाणी जुन्या बटणांवर ४०० दाखवत होतं. कोरडं : मीटर उघडा. मग मुद्दाम मिठाचं पाणी फवारून, वाळवून, रात्रभर ८८ टक्क्यांत ठेवलं. सकाळी १४ मेगओहम. उंबरठा ५००. पहिल्यांदाच मध्ये ऐसपैस जागा आहे.

२८ जून, शनिवार

कव्हरवर बसवलं आणि एक मूर्ख चूक. डॉकच्या छताखाली मोकळी जागा ३८ मिमी, सळयांचं सर्वात उंच टोक ४६ मिमी. यंत्र डॉकमध्ये शिरताना सळई छताला घासून वाकली, फट बंद, कायमचा पाऊस. खांब २० वरून १४ मिमी केले, वाक कमी केला, एकूण उंची २९. चढताना यंत्राचं नाक थोडं उचलतं, तरी उरलेली ९ मिमी पुरते. आधी मोजायचं होतं.

उतार यंत्राच्या मागच्या बाजूला ठेवला. पुढे ठेवला तर कुंपणाच्या झुडपात घुसताना पानं सळयांत अडकतात.

वायरला कनेक्टरच्या आधी खाली झोल दिला, वायरीवरून ओघळणारं पाणी तिथे टपकावं, सॉकेटमध्ये शिरू नये म्हणून. जुन्या कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट थर होता, तोही आज ना उद्या शॉर्टच दाखवणार होता. पिन साफ, सिलिकॉन ग्रीस भरून बंद.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आठवडा पाऊस-उघडीप असा गेला. खोटा पाऊस एकदाही नाही, पावसात बाहेर पडणं एकदाही नाही. तरी गवत वाढलंय, यंत्र आठवड्यात मिळून साडेपाच तासच चाललं.

आता अडचण सेन्सरची नाही, १८० मिनिटांची. तो आकडा सरी तासा-तासाने येणाऱ्या हवेसाठी नाहीच. दोन सरींमध्ये तीन तासांची उघडीप वर्सोव्यात जुलैत मिळाली तर नशीब. विलंब ४५ मिनिटांवर आणला. पोडियमची माती पातळ आणि खाली ड्रेन सेल, पाऊण तासात वरचं पाणी उतरतं. हीच सेटिंग जमिनीवरच्या चिकणमातीच्या लॉनला लावू नये, तिथे चाकं रुततील. तिथे ९० ते १२०. पात्यांची उंची ३५ वरून ४५ मिमी, ओलं गवत कमी कापलं की लगदाही कमी होतो.

‘सेन्सर बंदच करून टाका, वेळापत्रकावर चालवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. सपाट, रेताड लॉनवर चालेलही. इथे १६ जूनचे पट्टे अजून भरलेले नाहीत.

१९ जुलै, शनिवार

आठवड्यात एक खोटा पाऊस. कारण कापलेल्या गवताचं एक पातं, दोन्ही सळयांवर आडवं चिकटलेलं, ओलं, २१० किलोओहम. बोटाने काढलं. त्यावर एकच इलाज : तबकडीखालचा लगदा आठवड्याला प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडायचा, म्हणजे गवत वर उडत नाही. प्रेशर जेट वापरायचा नाही, पाणी मोटारच्या सीलमधून आत जातं.

हीटर लावावा का, याचा हिशेब केला. ३० अंशांना ९५ टक्के आर्द्रतेत सळया भोवतालच्या हवेपेक्षा ५ अंश गरम ठेवल्या, तर त्यांच्याजवळची हवा ७२ टक्क्यांवर येते, म्हणजे मिठाच्या ७५ च्या खाली. त्यासाठी अर्धा वॉट पुरेल, ५ व्होल्टवर ४७ ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर. पण दिवसाला १२ वॉट-तास जातील, आणि बॅटरीतून वेगळी वायर काढावी लागेल. हवेतल्या फटीने काम होत असताना सील फोडण्यात अर्थ नाही. हिशेब जपून ठेवला, समुद्राला अगदी लागून असलेल्या लॉनसाठी उपयोगी पडेल.

२ ऑगस्ट, शनिवार

पाच आठवड्यांची तपासणी. फट २.५ ची २.४, बहुधा टेफ्लॉन थोडं सरकल्यामुळे. नट पाव फेरा आवळला, सळई बोटाने परत जागेवर. पॉझिटिव्ह सळईवर फिकट पिवळसर झाक, खड्डे नाहीत. सकाळी ७, आर्द्रता ९० टक्के, कोरडं : ११ मेगओहम. पावसाचा एक थेंब : १०५ किलोओहम.

माळीकाकांना दिलेला कागद, गेटजवळच्या पेटीत चिकटवलेला : दर शनिवारी मेन स्विच बंद, सळयांवर आरओचं पाणी अर्धा पेला, पुसायचं नाही. पातं किंवा शिट दिसली तर काढायची. महिन्याला फट तपासायची, त्यासाठी २.५ मिमीचा ड्रिल बिट पेटीतच ठेवलाय : सैलसर सरकला पाहिजे, अडकला तर फट कमी, डुगडुगला तर जास्त. ढग आणि ऊन एकत्र दिसलं तर आधी सळया बघायच्या, मग फोन.

बाकी : मान्सून परतल्यावर (सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर) दोन्ही सळयांच्या वायरी कनेक्टरवर अदलाबदल करायच्या, म्हणजे पॉझिटिव्ह बाजू पालटेल आणि झीज दोघींत वाटली जाईल. पावसाच्या पाण्याची बाटली भरून पेटीत ठेवली आहे, वर चिठ्ठी : ‘पिऊ नये, चाचणीसाठी.’